पाण्यातलं वाहनतळ

सकाळी साडेदहाला कार्यालयाचं दार उघडलं की माझ्या टेबलासमोरचा पहिला माणूस ते असायचे. मी नगरपंचायतीत आवक-जावक लिपिक. गावाचं नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच नोकरीला आहे. भंडारा जिल्ह्यातलं, अड्याळच्या बाजूचं, एका मोठ्या तलावाच्या काठावरचं गाव, एवढं पुरे. माझं काम म्हणजे आलेला कागद घ्यायचा, वहीत चढवायचा आणि मागितली तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच द्यायची. या कामात कुणाला काही खोट काढता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी पोच हातात घेतली, शर्टाच्या खिशातून सहा इंची लोखंडी पट्टी काढली, कागदाच्या कडेला लावली आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं.

"शिक्का वाकडा आहे, बाबू."

"चालते काका."

"कायले चालते? डाव्या अंगानं खाली आला. तारीख अर्धीच उमटली. उद्या कोनी इचारलं, कागद कोन्या तारखेले देल्ला, तं मी का सांगू? अर्ध्या तारखेले? दुसरा मारा."

मागं रांग होती. मी दुसरा मारला. त्यांनी तो पाहिला, "पास" म्हणाले, कागदाची बरोबर मधोमध घडी घातली आणि गेले. अर्ज कशाचा होता ते मी नंतर वाचलं. बाजार चौकातल्या गटारावरचं झाकण चौकोनी आणि भोक गोल, अशी तक्रार होती. जाऊन पाहिलं तर तसंच होतं. मी त्या झाकणावरून दहा वर्षं येत-जात होतो.

ते जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तिथं उभा जन्म तपासनीसाचं काम केलं. माल यायचा, हे त्याला गेज, म्हणजे मापाचा साचा, लावायचे, आणि बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट. निवृत्तीनंतर कारखान्याचं क्वार्टर सोडून ते आपल्या मूळ गावी, म्हणजे आमच्या गावी, घर बांधून राहायला आले, आणि आमच्या दुर्दैवानं गेजही सोबत घेऊन आले. गाव त्यांना 'गेजवाले काका' म्हणायचं. काहीजण पाठीमागं आणखीही काही म्हणायचे.

समोसा घेतला तर आधी तिन्ही कोपरे पाहायचे. लग्नाची पत्रिका आली की वाचून, चूक दाखवून, लाल शाईनं दुरुस्त करून परत द्यायचे, आणि लग्नाला मात्र सगळ्यांच्या आधी हजर. कुणाच्या घरी गेले की पाणी प्यायच्या आधी दार दोनदा उघडून-लावून बघायचे. "क्वार्टरमधी शंभर दारं होती, शंभरही बरोबर लागत होती. इथं तुमचं एक दार आहे, तेही लागत नाही." अशा माणसाला कोण चहा पाजणार? पण पाजायचे लोक, कारण दुसऱ्या दिवशी ते स्वतः रंधा घेऊन येत आणि दार घासून देत. काकू म्हणायच्या, "लग्नात मले नाही तपासलं, तेवढं माहं नशीब." यावर काका गंभीरपणे म्हणायचे, "तेव्हा नोकरी लागाची होती."

एक खरं सांगतो. त्यांचा मला मनापासून कंटाळा यायचा. साडेदहा वाजत आले की मी घड्याळाकडं बघायला लागायचो. आता ते मुलीकडं नागपूरला राहायला गेलेत, साडेदहाला टेबलासमोर कुणीच नसतं, आणि शिक्का मारताना माझा हात आपोआप थांबतो.

आमच्या नगरपंचायतीचा विकास आराखडा आला तो फाल्गुनात. कुठं रस्ता, कुठं शाळा, कुठं बाजार, हे पुढच्या वीस वर्षांचं सगळं ठरवणारा नकाशा. बाहेरच्या एका एजन्सीनं मोजणी करून बनवलेला. सभागृहाच्या भिंतीवर तो टांगला, वर नोटीस लावली की ज्यांना हरकत असेल त्यांनी मुदतीत लेखी द्यावी. सरकारी नियमाप्रमाणं नोटीस लागली आणि सरकारी नियमाप्रमाणं ती कुणी वाचली नाही. काकांनी वाचली. तीन दिवस ते त्या नकाशासमोर पट्टी आणि भिंग घेऊन उभे होते. आमचा शिपाई त्यांना खुर्ची देऊन देऊन थकला.

चौथ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. हातात अर्ज नव्हता.

"बाबू, आपला तलाव केवढा आहे?"

"आहे तेवढा आहे, काका."

"नकाशात तेवढा नाही. उत्तरेकडचं टोक कापलं. त्याले पडीत जागा दाखवली, आन् त्याच्यावर व्यापारी संकुल व वाहनतळ."

मी उठून पाहायला गेलो. खरंच, निळ्या तलावाचं उत्तरेचं टोक कुणी कात्रीनं उडवल्यासारखं सरळ कापलं होतं आणि तिथं दुसरा रंग भरला होता. काय झालं असेल ते आमच्याकडचं पोरगंही सांगेल. आमचा तलाव जुना, मालगुजारांच्या काळचा, बशीसारखा उथळ. पावसाळ्यात भरतो तेव्हा उत्तरेला रस्त्यापर्यंत येतो. वैशाखात पाणी उतरलं की ते टोक उघडं पडतं, आणि त्या ओल्या गाळात लोक डांगरं, काकड्या लावतात. मोजणीवाले आले ते आदल्या वर्षीच्या वैशाखात. त्यांना जमीन दिसली, त्यांनी जमीन लिहिली.

ही चूक म्हणून चूक असती तर एका अर्जात मिटली असती. पण त्या चुकीच्या जागेवर आता दुकानांचे गाळे उभे राहायचे होते, आणि गाळ्यांवर कुणाकुणाचा डोळा होता ते गावात सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळं ती चूक राहावी असं वाटणारी माणसं वजनदार होती.

यात माझंही काही होतं. तलाव भरला की जास्तीचं पाणी सलंगेवरून, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आमच्या भाषेत पाळीच्या, टोकाला ठेवलेल्या सखल वाटेवरून, वाहून जातं. त्या सलंगेच्या खालच्या वस्तीत माझं घर. आत्ताच जोराच्या पावसात पाणी आमच्या ओट्याला लागतं. तलाव तेवढा आकसला तर तेच पाणी चुलीपर्यंत येणार, हे कळायला गेज लागत नाही. पण मी नोकरमाणूस. मुख्याधिकारी साहेबांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलावून सांगितलं होतं, की आराखडा हा आपलाच आहे, आपल्या माणसानं त्याविरुद्ध बोलू नये. मी मान हलवली. माझी मान त्या बाबतीत फार तयार आहे.

गावात हळूहळू चर्चा झाली. एका पुढाऱ्यानं हरकतीचा छापील नमुना काढला. खाली नाव आणि सही करायची, बाकी मजकूर तयार. झेरॉक्सच्या दुकानात त्याचा ढीग पडला. काका तिथं गेले, एक नमुना उचलला, वाचला आणि परत ठेवला.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

पुढारी चिडला. "काहून जी? मजकूर वकिलाकडून घेतला आहे."

"मजकूर चांगला आहे. पन साचा एक आहे. आमच्या कारखान्यात एका साच्यातला माल आला, तं त्यातला एक नग उचलून तपासत होतो. तो पाहाचा, बाकीच्याईले हातही लावाचा नाही. हे साहेबलोकही तेच करतीन. हजार कागद देल्ले तरी म्हनतीन, हरकत एकच आहे, सह्या जास्त आहेत. पाच मिनिटात निपटवतीन. हर एक नग वेगळा असन, तं हर एक नग पाहाच लागते."

मी आवक टेबलाचा माणूस म्हणून सांगतो, त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. एकाच मजकुराचे कागद आम्ही एकाच दोरीत बांधतो.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरायला लागले. काखेत कोऱ्या कागदांचं बंडल, खिशात चार पेनं. नियम एकच. "तलावावर तुमी सोता जे करता, तेच लिवाचं. ऐकलेलं नाही, दुसऱ्याचं नाही. तलाव गेला तं तुमचं का जाते, तेवढंच." ज्याला लिहिता येत नाही त्याचं बोलणं ते शब्दाला शब्द लिहून घ्यायचे, पुन्हा वाचून दाखवायचे, आणि मगच अंगठा. कुणी म्हणालं, "तुमीच लिवा नं काका काही चांगलंसं," तर उठून जायचे. गंमत म्हणजे लोकांना राग यायच्या ऐवजी हुरूप आला. आपल्या रोजच्या जगण्याला कुणी इतक्या गंभीरपणे कधी विचारलंच नव्हतं.

आणि मग ते कागद माझ्या टेबलावर यायला लागले. एकेक करून. प्रत्येकाला वेगळा आवक क्रमांक, प्रत्येकाला वेगळी पोच. माझं मनगट दुखायला लागलं. पण वाचल्याशिवाय राहवेना. एका शेतकऱ्यानं लिहिलं होतं, "माझी म्हैस रोज दुपारी तलावाच्या उत्तर टोकाला बसते. तेथे वाहनतळ झाल्यास तिला रोज उठविण्याची जबाबदारी कोणाची, याचा खुलासा व्हावा." नव्यानं लग्न होऊन आलेल्या एका मुलीनं लिहिलं होतं, "मी माहेरी फोन लावण्यासाठी पाळीवर येते. घरात रेंज नसते व सासूबाई असतात." एक मास्तर पोळ्याला तिथं बैल धूत होते, बैल विकून पाच वर्षं झाली तरी पोळ्याला रिकामेच जाऊन बसत होते, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आणि मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, तलावात शिंगाडे लावणाऱ्या. त्यांचा कागद काकांच्या अक्षरात, खाली अंगठा. "वैशाखात त्या जागी डांगरू लावते, कार्तिकात त्याच जागी शिंगाडे काढते. मोजनीवाल्या साहेबानं कोन्या महिन्यात मोजलं, तेवढं सांगावं."

मुदतीच्या शेवटच्या दिवसांत रांग लागली. मी मान खाली घालून शिक्के मारत होतो. एक कागद समोर आला. अक्षर ओळखीचं वाटलं. वर पाहिलं तर आमची मंडळी! डोक्यावर पदर, हातात दोन प्रती, चेहरा एकदम परका.

"तू इथं कशाला?" मी हळूच विचारलं.

"हरकत द्याले आली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पोच पायजे."

मी वाचलं. "सलंग वाहू लागली की मी आधी गहू माळ्यावर ठेवते, मग देव, मग मुलांची पुस्तके. पाणी ओट्याला लागले की रात्रभर पायरीवर बसून बघते. पायरी बुडाली तर काय करायचे ते मला माहीत नाही. माझे यजमान नगरपंचायतीत नोकरीला असल्यामुळे काही बोलत नाहीत. म्हणून मी लिहिते."

माझे कान तापले. काका दुपारच्या वेळी, मी कचेरीत असताना, आमच्या घरी येऊन गेले होते तर! मी शिक्का मारला. तिनं पोच घेतली, सरळ आहे का ते पाहिलं, आणि "पास" म्हणून चालू लागली. रांगेतला एक जण हसला. मलाही हसू आलं, पण लाजही वाटली. माझ्या घरची भीती माझ्याच टेबलावर आवक क्रमांक घेऊन आली होती.

मुदत संपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. "सगळ्या हरकती एकत्र करा. एकाच विषयाच्या आहेत. एक सुनावणी लावून टाकू." मी गठ्ठे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "साहेब, दोन सारख्या दाखवा, मी त्या बांधतो." एवढं मी कसा बोललो कोण जाणे. साहेबांनी एक वाचली, दुसरी वाचली, म्हशीच्या हरकतीला हसले, मग हसू आवरून खूप वेळ चाळत बसले. शेवटी म्हणाले, "प्रत्येकाला स्वतंत्र नोटीस काढा." त्यांचा आवाज असा होता, की मी दोन दिवस समोर गेलो नाही.

स्वतंत्र नोटीस म्हणजे स्वतंत्र जावक क्रमांक, स्वतंत्र पाकीट आणि घरी जाऊन सही. हे करणारे आम्ही दोघं, मी आणि शिपाई. सुनावणीची पहिली तारीख ज्येष्ठात होती, ती नोटिसा पोचण्यातच गेली. दुसरी तारीख पडली आषाढात. तोवर रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झालेला. धानाच्या रोवण्यात आमच्याकडं माणूस मरायलाही सवड काढत नाही, सुनावणीला कोण येणार? पुढची तारीख द्यावी म्हणून अर्ज आले, आणि तेही प्रत्येकाचे वेगळे. सुनावणी घेणाऱ्या समितीतल्या बाहेरच्या लोकांनाही त्या चिखलात यायची हौस नव्हती. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं लोक आम्हाला हिणवतात. या वेळी लोकांनीच ते आमच्यावर उलटवलं. तिसरी तारीख लागली ती दिवाळीनंतर, कार्तिकात.

हे सगळं काकांच्या डोक्यात आधीपासून होतं का? मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "घाई कायले करता, बाबू? पानी येऊ द्या."

त्या चार महिन्यांत त्यांना त्रास कमी झाला नाही. गाळ्यांवर डोळा ठेवून बसलेल्यांनी त्यांना विकासाचा शत्रू ठरवलं. चहाच्या टपरीवर त्यांच्यासमोर मोठमोठ्यानं बोलायचे, "गावात दुकानं झाली तं याच्या बापाचं का जाते?" काका समोशाचे कोपरे बघत बसायचे. त्यांच्या घराच्या नव्या बांधकामाची अचानक तपासणी निघाली. नगरपंचायतीचा माणूस टेप घेऊन गेला, तर काकांनी त्याला स्वतःची टेप दिली, कारण त्याची टेप दोन सूत चुकत होती. बांधकाम नकाशाप्रमाणंच निघालं. तरी त्या आठवड्यात काकू मला भाजीबाजारात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हे जेवून नाही राहिले नीट. तोंडानं सांगत नाहीत. तलाव गेला तं लोकं म्हनतीन, गेजवाल्यानं आमाले नादी लावलं." तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं, की या माणसालाही भीती वाटते.

सुनावणीच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. नागपूरहून आलेल्या एक मॅडम समितीच्या प्रमुख होत्या. शांत बाई. म्हशीपासून माहेरच्या फोनपर्यंत सगळ्या हरकती त्यांनी ऐकल्या. शिंगाड्यांचा कागद वाचल्यावर त्यांनी एजन्सीच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला, "मॅडम, आमच्या मोजणीत तिथं जमीन आहे." मुख्याधिकारी साहेब म्हणाले, "थोडं फार पाणी येत असेल पावसाळ्यात." शिंगाडेवाल्या बाई म्हणतात जागा पाण्यात, हे म्हणतात कोरडी. काकांनी हात वर केला.

"मॅडम, तुमची गाडी कुठं लावली जी?"

मॅडम गोंधळल्या. "इथं, आवारात."

"इथं लोकाईले अडचण होऊन राहिली. नकाशात वाहनतळ आहे नं, तिथं लावून घेऊ. दोन मिनिटाचा रस्ता आहे."

सभागृहात कुजबुज झाली. मॅडमनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं आणि उठल्या. मग काय, पुढं मॅडमची गाडी, मागं साहेबांची, आणि मागं सगळं गाव. उत्तरेच्या रस्त्यावर येऊन गाडी थांबली. काका नकाशा उघडून खिडकीशी उभे राहिले.

"आणखी शंभर फूट पुढं घ्या, भाऊ," ते ड्रायव्हरला म्हणाले.

"पुढं पाणी आहे न काका!"

"नकाशात नाही."

ड्रायव्हरनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम खाली उतरल्या. समोर काठोकाठ तलाव होता, हिरव्या पानांनी झाकलेला, आणि बरोबर वाहनतळाच्या मधोमध शिंगाडेवाल्या बाई डोंग्यात बसून शिंगाडे तोडत होत्या. सुनावणीत आपला नंबर झाला म्हणून त्या कामाला परत गेल्या होत्या. कुणीतरी ओरडून त्यांना सांगितलं, की साहेबलोकांना इथं गाडी लावायची आहे. बाईंनी कमरेवर हात ठेवला आणि तिथूनच ओरडल्या, "लावा नं जी! मी डोंगा सरकवते!"

पहिल्यांदा मॅडम हसल्या. मग सगळं गाव हसलं. एजन्सीचा माणूस बुटांची टोकं बघत होता. बाईंनी डोंगा काठाला आणून मॅडमच्या ओंजळीत ताजे शिंगाडे घातले. मॅडमनी उभ्याउभ्याच एक सोलून खाल्ला आणि वहीत काहीतरी लिहिलं. साहेब आपल्या गाडीकडं वळले. काका वर रस्त्यावरच नकाशाची घडी घालत उभे होते, घडीच्या कडा जुळेपर्यंत.

पौषात ठराव झाला. तलावाची मूळ हद्द कायम, उत्तर टोकावरचं आरक्षण रद्द. सभेत कुणी विरोध करायला तोंड उघडलं नाही, कारण गाव बाहेर उभं होतं. ठराव टाईप करायचं काम माझ्याकडं आलं. शेवटचा शब्द टाईप केला आणि मी खुर्चीत मागं टेकून एवढा मोठा श्वास सोडला की शेजारच्या टेबलावरचे कागद हलले. घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिनं चूल पुसता पुसता विचारलं, "मंग येत्या पावसाळ्यात गहू खालीच ठेवू का?" मी म्हणालो, "खालीच ठेव." त्या रात्री मी जेवलो तसा कित्येक महिन्यांत जेवलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी रविवार. ठरावाची प्रत घेऊन मी स्वतः काकांच्या घरी गेलो. न मागता दिलेला नगरपंचायतीचा पहिला कागद तो. ते ओसरीत बसले होते. प्रत वाचली, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचली. मग चष्मा काढला आणि डोळे पुसत म्हणाले, "लय भेव वाटत होतं, बाबू. लय."

काकूंनी चहा आणला. मला एक गोष्ट कित्येक दिवसांपासून खटकत होती, ती मी विचारून टाकली. "काका, सगळ्या हरकती माझ्या हातून गेल्या. एक सापडली नाही. तुमची."

"म्या नाही देल्ली."

"तुम्ही? काहून?"

त्यांनी कपबशी खाली ठेवली. "नियम केला होता नं. सोता जे करता तेच लिवा. माह्यापाशी लिवाले का होतं? आमच्या लोकाईले तलावाच्या घाटावर पाय ठेवू देत नव्हते. माही माय पाळीखालच्या झिऱ्यातून, खड्ड्यात पाझरलेलं पानी आने. घाट वर दिसे, पन वर जाता येत नव्हतं. बाबा छप्पन साली नागपूरले जाऊन बौद्ध झाले, मंग मी शिकलो, कारखान्यात लागलो. परत आलो तं कोनी अडवत नाही आता. पन पायच वळत नाही तिकडं."

मी मान खाली घातली. त्या घाटावर पिढ्यान्पिढ्या पाणी भरणाऱ्या घरांत आमचं घर होतं. झिऱ्याकडं कोण जायचं आणि का, हे आमच्याकडं कुणी कधी बोललंच नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. मला लाज वाटली.

"मग एवढं सगळं केलंत कशाला?" मी विचारलं.

"तलाव कोनाचा आहे, हे का तुमच्या घरच्याईनं ठरवलं होतं?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तलाव गावाचा आहे. मी गावातला आहे. बस."

"चला मग," मी उठलो. "आत्ता चला."

ते नाही म्हणतील असं वाटलं. काकूंकडं पाहिलं त्यांनी. काकू म्हणाल्या, "जा नं." आम्ही पाळीवरून निघालो. घाटाच्या वरच्या पायरीवर थांबले. मी खाली उतरलो, मागं वळून पाहिलं. त्यांनी चपला काढल्या, जोडीनं सरळ ठेवल्या, आणि एकेक पायरी मोजल्यासारखे उतरले. शेवटच्या पायरीवर बसून दोन्ही पाय पाण्यात सोडले. पौषाचं पाणी, गार. अंगावर काटा आला त्यांच्या.

"मायले आनाले पायजे होतं," ते म्हणाले.

आम्ही बसून राहिलो. समोर उत्तरेचं टोक होतं, पाण्यानं भरलेलं, तसंच राहणार असलेलं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बाबू, कागद आहे का?"

होता. आमच्या खिशात असतोच.

"लिवा. मी रोज सकाळी घाटावर पाय बुडवून बसतो. तलाव कमी झाल्यास माझी हरकत आहे."

"काका, मुदत कधीच संपली. ठरावही झाला."

"आवकमधी घेऊन ठेवा. पुढच्या टायमाले कोनी नकाशा आनन, तवा कामी पडन."

"पण रोज कुठं बसता तुम्ही? नियम तुमचाच आहे."

"आजपासून," ते म्हणाले, आणि तेवढ्यात पाण्यातल्या मासोळ्या त्यांच्या बोटांना लागल्या असाव्यात, कारण त्यांनी एकदम पाय वर घेतले आणि घाटावरचे धुणंवाले वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं हसायला लागले.